मुठेलाला वास कसला?

थंडी पडली की माझ्या टाचा फुटतात आणि सदरात कुठेतरी मुठेल येतंच, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. कुणी त्याला भिरंडेल म्हणतं, शहरातल्या दुकानात ते कोकम बटर होतं. यंदा मात्र त्यावर लिहायला बसलेय ती रागाने.

माझी धाकटी बहीण देवगडला असते. तिने हायवेवरच्या एका दुकानातून ‘शंभर टक्के नैसर्गिक कोकम बटर’ अशी देखणी डबी घेतली. चार दिवस हातांना लावलं. पाचव्या दिवशी बोटांच्या बेचक्यांत पुरळ उठलं, मग खाज, मग मनगटापर्यंत लाली. त्वचेच्या डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, “यात काय काय आहे?” आम्ही डबी पुढे केली. पुढच्या बाजूला लालचुटूक रातांब्याचं चित्र, मागे एक ओळ: ‘निवडक वनस्पतींचे अर्क व नैसर्गिक सुगंध.’ डॉक्टरांनी डबी उलटी करून बूड पाहिलं, झाकणाची आतली बाजूही पाहिली. “कशाने उठलं ते कळल्याशिवाय पुढे काय टाळायचं, ते मी कसं सांगू?” म्हणाले. डबीवरच्या नंबरला फोन केला, तर पलीकडचा मुलगा फार नम्रपणे बोलला. फॉर्म्युला सांगता येत नाही, पण काळजी करू नका, सगळं नैसर्गिक आहे.

नैसर्गिक आहे म्हणून काळजी नाही, हे कोकणातल्या माणसाला सांगायचं? आंबा उतरवताना देठ तुटून चिकाची चिळकांडी गालावर उडाली की कातडी भाजते आणि काळा डाग महिनाभर जात नाही. काजूच्या टरफलातल्या तेलाने काजू सोलणाऱ्या बायांच्या बोटांची सालं निघतात. आंबा, काजू, बिब्बा ही एकाच कुळातली झाडं, आणि तिघांचाही चीक झाडाचाच, कारखान्यातला नव्हे. लवंग, लिंबाची साल यांची सुगंधी तेलंही झाडाचीच, पण काहींच्या कातडीला ती अजिबात सोसत नाहीत. युरोपात सुगंधातले त्रासदायक ठरलेले 26 घटक वेष्टनावर नावानिशी लिहावे लागत. 2023 मध्ये ती यादी 80 च्या वर नेली. आपल्याकडच्या डब्यांवर बहुतेक वेळा ‘परफ्यूम’ या एका शब्दात सगळं उरकलेलं असतं.

कायदा नाही असं नाही. 1940 चा औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा आहे, त्याखाली 2020 चे सौंदर्यप्रसाधनांचे नियम आहेत. डबीवर घटकांची यादी हवी, उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच हवी. त्वचेच्या क्रीममध्ये पारा तर मुद्दाम घालायलाच बंदी आहे. तरी 2023 च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आलीच. एक विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण, तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा संशय गोरं करणाऱ्या क्रीमवर आला. त्यात पारा निघाला. ते क्रीम त्यांनी ब्यूटिशियनकडून विश्वासाने घेतलं होतं. पुरळ निदान दिसतं. मूत्रपिंडातलं दिसत नाही.

बहिणीची डबी मी घरी घेऊन आले आणि शेजारच्या काकींना दाखवली. काकी दर वर्षी मुठेल काढतात. त्यांनी झाकण उघडून नाकाशी धरलं. “ह्येका वास कसलो येता? मुठ्यालाक असो वास येणा नाय.” मग बोट आत घातलं, तर ते लोण्यात जावं तसं गेलं. काकींच्या कपाळाला आठी पडली. सकाळचे सात वाजले होते, खिडकीतली खोबरेलाची बाटली गोठून पांढरी झाली होती. मुठेल खोबरेलापेक्षा कितीतरी घट्ट, ते वितळायला चाळीस अंशांच्या आसपास ऊब लागते. मग ही डबी त्या गारठ्यात इतकी मऊ कशी? एक तर दुसरं पातळ तेल भरपूर आहे, नाहीतर पाणी आहे. पाणी असेल तर ते नासू नये म्हणून काहीतरी घातलेलं असणार, आणि काही घातलं नसेल तर त्याची मला जास्त भीती वाटते. मिसळण्यावर माझा राग नाही. मिसळा, पण लिहा.

काकींचं मुठेल मी यंदा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. मे महिन्यात कोकमाची सोलं घातली तेव्हाच्या बिया त्यांनी धुऊन, कडकडीत वाळवून डब्यात भरून ठेवल्या होत्या. त्या फोडल्या, टरफलं पाखडली, आतला गर पाट्यावर वाटला आणि टोपात पाणी घालून चुलीवर चढवला. दोन तास काकी तिथून हलल्या नाहीत. हळूहळू वर तवंग आला, तो डावाने अलगद काढून वाटीत घेतला. पाणी आटवून, गाळून, गार होऊ दिला आणि पूर्ण घट्ट होण्याआधी मुठीत दाबून गोळे केले. गोळ्यावर त्यांच्या चारही बोटांचे वळ उमटलेले असतात. टाचेला लावायचं तर गोळा दिव्याच्या ज्योतीशी धरायचा आणि थेंब भेगेत सोडायचा. चर्र होतं, डोळ्यांत पाणी येतं, आणि रात्री झोप लागते.

बाजारात पानावर असा गोळा घेऊन बसलेल्या बाईकडे लेबल नसतं, पण ती स्वतः समोर असते. बिया कुठल्या, कधी काढलं, खोबरेल घातलंस काय, हे तिला तोंडावर विचारता येतं. डबी हायवेवर जाते, मुंबईला जाते, तिच्याबरोबर ती बाई जात नाही. तिने दिलं असतं ते उत्तर डबीवर छापलेलं असायला नको का? 2016 मध्ये सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्हा सगळ्यांना किती आनंद झाला होता! त्याच नावाखाली कुणी काहीही भरून विकलं, तर पाट्यावर बसणाऱ्या या बायांच्या वाट्याला काय येणार?

काकी मुठेल विकत नाहीत. पण ठाण्याच्या भाच्याच्या ऑफिसातल्या तिघींनी मागितलं, म्हणून परवा गोळे बांधायला घेतले आणि मला म्हणाल्या, “सोबत चिठी लिवून दी.” मी वहीचं पान फाडलं. कोकमाच्या बियांचं तेल, दुसरं काही नाही. बिया मे महिन्यातल्या, काढलं डिसेंबरात. खाली गावाचं नाव आणि काकींचा फोन. त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी एक गोळा उचलून पुन्हा हुंगला.

“चुलीर काढला, ता लिव. धुराचो वास येता जरा. त्यांका वाटात खराब झाला.”

मी तेही लिहिलं.