रात्री आम्हाला विकल्या, मग दिवस कोणाचे?

कुर्डुवाडी आणि माढा तालुक्यातल्या बंधू-भगिनींनो,

हे पत्रक टाइमशेअरबद्दल आहे. एवढं वाचूनच निम्मे लोक याची पुडी करून शेंगा बांधतील, याची आम्हाला कल्पना आहे. गावात नळाला पाणी कधी येणार याची चिंता, हुतात्मा एक्स्प्रेसला पाय ठेवायला जागा मिळेल का याची चिंता, आणि हे कोण लोक महाबळेश्वरच्या रिसॉर्टचं रडगाणं घेऊन स्टेशन चौकात उभे? प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी देतो.

टाइमशेअर घेणारे सगळे बंगलेवाले नाहीत. वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या माणसाच्या हातात ग्रॅच्युइटी पडली, शिक्षकाला फंड मिळाला, उसाचं बिल जमा झालं, डाळिंबाचा एखादा हंगाम बरा गेला, की महिनाभरात फोन येतो. "सर, अभिनंदन. तुमच्या नावाला गिफ्ट लागलंय. फक्त जोडीनं या." जोडीनं हा शब्द महत्त्वाचा. एकटा नवरा आला तर "घरी विचारून सांगतो" म्हणून निसटतो, हे त्यांना पुरतं ठाऊक असतं. मग सोलापुरातल्या एखाद्या हॉटेलचा हॉल, थंडगार हवा, टायवाला मुलगा, समोर कोरं पॅड. तो पेनानं आकडे मांडतो: आज हॉटेलची खोली एवढ्याला, पाच वर्षांनी तेवढ्याला, पंचवीस वर्षांनी केवढ्याला. सगळ्यात शेवटी त्याच्या योजनेचा आकडा येतो, आणि तोवरच्या बेरजेपुढे तो स्वस्त वाटतो. शेजारच्या टेबलावर टाळ्या वाजतात, कोणीतरी सही केलेली असते. "ही ऑफर आजच्या आजच आहे, काका." काका सही करतात. भेट म्हणून मिळालेला डिनर सेट अजून कपाटाच्या वरच्या फळीवर असतो.

उद्या हा फोन तुम्हालाही येणार आहे. म्हणून पुडी करण्याआधी वाचा.

एका कुटुंबानं सगळं घर थोड्या दिवसांसाठी घेऊन ठेवण्याऐवजी बऱ्याच जणांनी आठवडे वाटून घ्यायचे, ही टाइमशेअरची मूळ कल्पना १९६०च्या दशकातली, युरोपातली. आपल्याकडे ती १९८०च्या दशकात आली. स्टर्लिंग कंपनीनं १९८६मध्ये सुरुवात केली, महिंद्राचा क्लब १९९६मध्ये आला. कल्पनेत वाईट काही नाही, ते स्पष्ट सांगतो. वर्षाला सात रात्री, पंचवीस वर्षं, असा सर्वसाधारण व्यवहार असतो. म्हणजे एकूण १७५ रात्री. पैसे एकदाच भरून सुटका होत नाही. दरवर्षी देखभालीची वर्गणी येते, तिच्यावर जीएसटी येतो, आणि तुम्ही गेलात काय किंवा न गेलात काय, ती भरावीच लागते. न भरल्यास पुढचं बुकिंग बंद.

पंचवीस वर्षांत नऊ हजारांहून जास्त दिवस भरतात. त्यातल्या १७५ रात्री सोडल्या तर बाकीच्या दिवसांत, ज्या जागेची वर्गणी आपण भरतो तिच्या फाटकात आपण कोण? आमच्यातल्या एका कुटुंबाला याचं उत्तर मिळालं. साताऱ्याकडचं लग्न उरकून मंडळी घाटावर गेली होती. खोली नको होती, संध्याकाळी परतायचंच होतं. म्हाताऱ्या आईला जागा दाखवावी, चहा घ्यावा, बागेत घटकाभर बसावं, एवढाच बेत. फाटकावर लोखंडी दांडा आडवा, आत वॉचमनची खोली, खिडकीत रजिस्टर. "बुकिंग नंबर?" आजचं बुकिंग नाही, सभासद आहोत. कार्ड दाखवलं. त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं, आत फोन लावला आणि परत दिलं. "साहेब म्हणाले, विदाउट बुकिंग अलाऊड नाही." त्याच वेळी दांडा वर झाला आणि एका कंपनीच्या मीटिंगला आलेल्या तीन गाड्या आत गेल्या. आई गाडीतच बसून होत्या. त्यांनी विचारलं, "हेच का रे आपलं?"

वॉचमनवर आमचा राग नाही, तो नोकरी करतो. त्या साहेबांवरही नाही, त्यांच्या हातात नियमांचं पुस्तक आहे. आमचं भांडण त्या पुस्तकाशी आहे. बाहेरच्याला खोली भाड्यानं मिळते, लग्नाला लॉन मिळतं, कंपनीला हॉल मिळतो, काही ठिकाणी तर जेवणासकट डे आउटिंगचं पॅकेजही मिळतं. सभासदाला मात्र आपला आठवडा सोडून पायही टाकता येत नाही. विकताना "तुमचं स्वतःचं हॉलिडे होम" म्हणायचं आणि फाटकावर उपरा ठरवायचं, हे आम्हाला मान्य नाही. आपला आठवडा नसतानाही सभासदाला दिवसापुरतं आत सोडावं, एवढीच आमची मागणी आहे.

आता कोणी म्हणेल, कुर्डुवाडीहून टेंभुर्णी, अकलूज, नातेपुते, फलटण, वाई करत घाट चढायचा आणि दोन तास बागेत बसून परत यायचं? एवढा उपद्व्याप कोण करणार? अगदी बरोबर. आमच्यातले बहुतेक जण वर्षात एकदाही असे जाणार नाहीत. वाईच्या किंवा पुण्याच्या सभासदाला या सवलतीचा आपल्याहून कितीतरी जास्त फायदा होईल. तरीही ही मागणी कुर्डुवाडीतून होते आहे, कारण आम्हाला पोहण्याचा तलाव नको, आम्हाला बघण्याचा हक्क हवा आहे.

हे समजायला पॅनकार्ड क्लब्जची आठवण काढावी लागेल. ओळखीत विचारून बघा, कोणाच्या ना कोणाच्या घरी ते सर्टिफिकेट अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं सापडेल. ही कंपनी हॉटेलच्या खोल्यांच्या रात्री विकत होती. रात्र वापरा, नाहीतर मुदतीनंतर सरेंडर व्हॅल्यू घ्या. विकायला येणारे परके नव्हते. कोणाचे मेहुणे, कोणाचे गुरुजी, कोणाचे विम्याचे एजंट. सेबीनं २०१४मध्ये नवीन पैसे घ्यायला बंदी केली, आणि फेब्रुवारी २०१६मध्ये गाशा गुंडाळून सगळे पैसे परत करण्याचा आदेश दिला. तोवर पन्नास लाखांवर लोकांचे सात हजार कोटींहून अधिक रुपये त्यात गेले होते. सुट्टीच्या नावाखाली ही गुंतवणुकीचीच योजना आहे, आणि तीही परवान्याशिवाय, असा सेबीचा निष्कर्ष होता. पुढे मालमत्तांचे लिलाव, अपिलं, अर्ज, सगळं झालं. लोक अजून थांबलेले आहेत.

रात्री विकत घेणाऱ्या या लाखो माणसांपैकी खोली डोळ्यांनी पाहिलेले किती असतील? सर्टिफिकेट हातात होतं, जागा कोणी पाहिली नव्हती. समजा, प्रत्येक सभासदाला कुठल्याही दिवशी, कळवून का होईना, आत जाता आलं असतं. सहज म्हणून गेलेल्या चार माणसांनी खोल्या मोजल्या असत्या. कितव्या मजल्याचं बांधकाम अर्धवट आहे, कोणतं रिसॉर्ट फक्त पुस्तिकेतच आहे, पाटी कोणाच्या नावाची आहे, हे गावात येऊन सांगितलं असतं. बार्शीच्या बाजारात आणि कुर्डुवाडीच्या पारावर बातमी किती वेगानं पसरते, ते तुम्हाला आम्ही काय सांगावं! सगळी फसवणूक टळली असती असा दावा नाही. पण काही घरांतले पैसे तरी वाचले असते.

इथे एक गोष्ट बजावून सांगतो. आज टाइमशेअर विकणारी प्रत्येक कंपनी पॅनकार्ड आहे असं आम्ही म्हणत नाही, आणि आमचं पत्रक दाखवून कोणी तसं म्हणू नये. कितीतरी कंपन्यांची रिसॉर्टं उत्तम चालू आहेत, लोक दरवर्षी जातात, खूश होऊन येतात. पण चांगल्या कंपनीला आपल्याच सभासदानं येऊन पाहण्याचं भय का वाटावं? ठरलेल्या आठवड्यात आलेल्याला धुतलेल्या चादरी दिसतात. अवेळी आलेल्याला गळकं छप्पर दिसतं, बंद पडलेला जनरेटर दिसतो, माळी कामावर आहे की नाही ते दिसतं. वर्गणी दरवर्षी वाढते तेव्हा हेच बघायचं असतं. मालकानं शेतावर अवेळी चक्कर मारली की सालगड्याचं काम कसं होतं, ते आपल्या भागात नव्याने शिकवायला नको.

कंपन्यांचं म्हणणं आम्ही ऐकलेलं आहे, आणि ते सगळंच टाकाऊ नाही. म्हणतात, सभासद हजारो, खोल्या शेकड्यात, सगळे एका रविवारी आले तर? ज्यानं आपला आठवडा वापरून खोली घेतली आहे त्याला तलावाकाठी खुर्ची मिळणार नाही. तलावात कोणी बुडालं तर जबाबदारी कोणाची? डोंगरावर पाण्याचे हाल, टँकर मागवावे लागतात. आणखी एक मुद्दा, जो सगळ्यात वजनदार आहे: तुम्ही देखभालीचा खर्च एका आठवड्यापुरताच भरता, बाकीचे आठवडे दुसऱ्यांचे आहेत. खरं आहे. म्हणूनच आम्ही पलंग मागत नाही, फुकट जेवण मागत नाही, तलावही मागत नाही. राहणाऱ्याचा हक्क पहिला, याबद्दल दुमत नाही.

उपाय शोधायला लांब जायला नको, आपल्या स्टेशनवर चला. प्लॅटफॉर्म तिकीट दहा रुपयांना मिळतं, दोन तास चालतं. ते घेतलं म्हणून कोणी बर्थ मागत नाही, डब्यात चढत नाही. पाहुण्याला सोडायचं, पिशवी द्यायची, निघायचं. सणासुदीच्या गर्दीत मोठ्या स्टेशनांवर रेल्वे ते काही दिवस बंदही ठेवते, आणि त्यावर कोणी मोर्चा काढत नाही. जंक्शनात जे जमतं ते रिसॉर्टात का जमू नये? दोन दिवस आधी कळवावं, दिवसाला ठरावीक कुटुंबांनाच पास द्यावा, चार तासांची मुदत ठेवावी, माफक शुल्क घ्यावं. खाणं-पिणं आपल्या पैशानं. मे महिना, दिवाळी आणि नाताळ ते एक जानेवारी हा काळ बंद ठेवला तरी आमची हरकत नाही. तिथे ठेवलेल्या वहीत आपला शेरा लिहिण्याची मुभा मात्र हवी, आणि ती वही पुढच्या सभासदाला वाचायला मिळाली पाहिजे. हे आम्ही काही आकाशातून पाडलेलं नाही. अमेरिकेतल्या अनेक टाइमशेअर रिसॉर्टांच्या नियमांत 'डे यूज' अशी तरतूद असते. आपल्या मूळ रिसॉर्टवर मालक दिवसापुरता येऊ शकतो, कुठे मोफत, कुठे पैसे भरून, कुठे गर्दीचे दिवस वगळून. त्यामुळे तिथली रिसॉर्टं बुडाल्याचं ऐकिवात नाही.

उलट आपल्याकडे टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदाच नाही. युरोपात २००८च्या निर्देशानुसार सही केल्यावर १४ दिवसांत कारण न देता करार मोडता येतो. इथे हॉलमधून बाहेर पडेपर्यंत कार्ड स्वाइप झालेलं असतं. हाताशी आहे तो २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा, जो २० जुलै २०२०पासून लागू आहे. त्याची दोन कलमं आपल्या कामाची आहेत. सेवेत त्रुटी असेल तर आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस मुंबईत असो नाहीतर चेन्नईत, आपल्याला तिकडे खेटे घालायला नकोत. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर तक्रारीला फी नाही. दुसरं म्हणजे, ग्राहकाला अवाजवी तोट्यात टाकणाऱ्या 'अन्याय्य करारा'विरुद्ध दाद मागता येते, पण त्यासाठी राज्य आयोगाकडे जावं लागतं. आठवड्याबाहेर आत न सोडणं अन्याय्य करारात बसतं की नाही, हे आयोगच ठरवेल. सध्या आम्ही कोर्टकचेरीची भाषा करत नाही, कारण करारात हा मुद्दा बहुधा धड लिहिलेलाच नसतो. आधी तो लिहून घ्यायचा आहे.

तेव्हा ज्यांच्या घरी करार आहे त्यांनी तो कपाटातून काढावा. बारीक अक्षरातलं शेवटपर्यंत वाचावं, चष्मा लागला तर लावावा, मुलाला वाचायला सांगावं. ज्यांना अजून फोन यायचाय त्यांनी हे पत्रक फ्रिजवर चिकटवून ठेवावं, आणि हॉलमध्ये टायवाल्या मुलाला सहीच्या आधी एकच विचारावं: माझा आठवडा नसताना मी आत येऊ शकतो का? हो म्हणाला तर म्हणावं, बाळा, ते इथेच लिहून दे, शिक्का मार.

सभासदांनी येत्या २४ डिसेंबरच्या, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक दिनाच्या आत आपापल्या कंपनीला पोचपावतीसह स्पीड पोस्टानं पत्र पाठवावं. ईमेल करा, पण कागदही पाठवा. आणि पावतीची झेरॉक्स जपून ठेवा. मजकूर असा:

"माझा सभासद क्रमांक अमुक. मी वार्षिक देखभाल वर्गणी नियमित भरत आहे. माझ्या आरक्षणाव्यतिरिक्त अन्य दिवशी, पूर्वसूचना देऊन, दिवसापुरता आपल्या रिसॉर्टमध्ये प्रवेश देण्याबाबत आपला नियम काय आहे, तो लेखी कळवावा. असा नियम नसल्यास तो कधी करणार, ते कळवावं. या रिसॉर्टमध्ये आज वापरात असलेल्या खोल्या किती आणि एकूण सभासद किती, हेही कळवावं. उत्तर ३० दिवसांत अपेक्षित आहे."

खोल्या आणि सभासद, हे दोन आकडे मागायला विसरू नका.

आपले,
कुर्डुवाडी आणि परिसरातले काही टाइमशेअर सभासद