यकृत वाढते, मग कायदा का खुंटावा?



लाडक्या अपत्यास आपण 'काळजाचा तुकडा' म्हणतो. कवितेत काळीज म्हणजे हृदय. परंतु मटणाच्या दुकानात काळीज मागितले, तर हाती यकृतच पडते. २०१७ साली दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग शहरी एका मातेने हे शब्द अक्षरशः खरे करून दाखविले. विट्स डोनाल्ड गॉर्डन वैद्यकीय केंद्रात तिच्या यकृताचा एक भाग काढून तो तिच्या मरणोन्मुख बालकाच्या शरीरात बसविण्यात आला. माता एच.आय.व्ही.बाधित होती; बालक नव्हते. मृत दात्याच्या यकृताची वाट पाहण्यात त्या बालकाचे १८१ दिवस गेले; त्या केंद्रातील सरासरी प्रतीक्षा ४९ दिवसांची होती. आपले यकृत घ्यावे म्हणून आई पुनःपुन्हा विनवीत राहिली. अखेर बालकास विषाणुरोधक औषधे आधीच सुरू करून शस्त्रक्रिया झाली. वर्ष उलटल्यावर मायलेकरे दोघेही सुखरूप होती. बालकाच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली, पण विषाणू सापडला नाही. त्यास लागण झाली किंवा नाही, याचा निर्णय डॉक्टरांनी प्रामाणिकपणे राखून ठेवला.

या घटनेतून उभा राहणारा प्रश्न केवळ वैद्यकाचा नव्हे, हक्काचा आहे. रोग्यास घेण्याचा हक्क असावा, हे दयाळू माणसे कबूल करतात. परंतु त्यास देण्याचाही हक्क आहे, असे म्हणताच त्यांची दया आटते. असे का व्हावे?

प्रथम यकृताचा स्वभाव ध्यानी घ्या. १९३१ साली अमेरिकेत हिगिन्स व अँडरसन या संशोधकांनी उंदरांच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग कापून काढला. थोड्याच दिवसांत उरलेला भाग वाढून यकृताचे वजन जवळजवळ पूर्ववत झाले. कापलेला खंड पुन्हा उगवत नाही. उरलेल्या खंडातील पेशी दुपटीने वाढतात आणि शरीराची गरज भागली की थांबतात. मनुष्यातही हेच घडते, त्यास काही आठवडे वा महिने लागतात इतकेच. म्हणूनच जिवंत मनुष्य आपल्या यकृताचा भाग देऊन स्वतः जगू शकतो. बालकास तर डाव्या बाजूचा लहानसा भाग पुरतो. निसर्गाने जेथे देण्याची सोय करून ठेवली, तेथे मनुष्याने भिंत घातली.

एच.आय.व्ही.बाधितांना यकृताची गरज का पडते, हेही पाहा. १९९६ नंतर संयुक्त औषधोपचार आले, त्यामुळे हे रोगी जगू लागले. आणि जगू लागले म्हणूनच दुसरी संकटे उघडी पडली. 'ब' आणि 'क' काविळीचे विषाणू बहुतांशी त्याच वाटांनी शरीरात शिरतात. आरंभीच्या काही औषधांनीही यकृतास इजा केली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत बाधितांचे १,२४६ मृत्यू तपासले गेले, त्यांतील १४.५ टक्के यकृतविकाराने झाले होते. अशा समयी रोपण हाच पुष्कळदा शेवटचा उपाय असतो. पण त्याच दारावर कुलूप होते.

कुलूप लावणारा कायदाच होता. १९८८ साली अमेरिकेने बाधित दात्याचा अवयव वापरण्यास मनाई केली. त्या वेळी प्रभावी औषध नव्हते, म्हणून ती मनाई समजण्याजोगी होती. परंतु १९९६ साली औषध आले, मरणाचा रोग दीर्घकाळ आटोक्यात राहणारा रोग झाला. तरी मनाई तशीच उभी! २०१३ च्या नोव्हेंबरात ती उठली, आणि तीही केवळ संशोधनापुरती. भीतीचे कारण गेल्यावरही १७ वर्षे भीतीचा अंमल चालू राहिला. कारण संपल्यावरही जो नियम टिकतो, त्यास नियम म्हणत नाहीत. त्यास विटाळ म्हणतात.

दक्षिण आफ्रिकेत असा अटकाव नव्हता. तेथे केपटाउनच्या ग्रूट श्यूर रुग्णालयात डॉ. एल्मी म्युलर यांनी २००८ पासून बाधित मृत दात्यांची मूत्रपिंडे बाधित रोग्यांना बसविली. २०१५ साली २७ रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. ५ वर्षांनंतर जगण्याचे प्रमाण ७४ टक्के होते. अमेरिकेत मनाई उठल्यावर २०१६ साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात बाधिताचे यकृत बाधितास बसविण्याची शस्त्रक्रिया झाली. २०२४ च्या नोव्हेंबरात अमेरिकी शासनाने यकृत व मूत्रपिंड यांच्यापुरती संशोधनाचीही अट काढून टाकली.

प्रतिपक्षाचे आक्षेप आम्ही टाळीत नाही. कोणी म्हणेल, अशा यकृतरोपणात धोका अधिक. खरे आहे. अमेरिकेतील ९ केंद्रांतील ४५ बाधित रोग्यांच्या अभ्यासात, बाधित दात्याचे यकृत मिळालेल्यांत जंतुसंसर्ग अधिक आढळले व जगण्याचे प्रमाण कमी पडले. पण हे समजले कशामुळे? संशोधनास मुभा मिळाली म्हणूनच! आणि तुलना कोणाशी करावयाची? रांगेत मरणाऱ्याशी, की निरोगी मनुष्याशी? दुसरा आक्षेप असा की, दुर्मिळ अवयव बाधितास देणे म्हणजे तो वाया घालविणे होय. २०१२ साली 'क' कावीळ असलेल्यांची तुलना प्रसिद्ध झाली : रोपणानंतर ३ वर्षे जगण्याचे प्रमाण बाधितांत ६० टक्के, इतरांत ७९ टक्के. या आकड्यावर अनेकांनी दार लावून घेतले असते. परंतु दोन-तीन वर्षांतच 'क' कावीळ गोळ्यांनी समूळ बरी होऊ लागली. आजचा आकडा हा रोग्याचा कायमचा जन्मसिद्ध दोष मानणे, हे शास्त्र नव्हे.

प्रस्तुत लेखक वकिली करतो. म्हणून आता आपल्या देशाच्या कायद्याकडे वळू. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कामास समर्थ असलेल्या मनुष्यास केवळ एच.आय.व्ही. आहे म्हणून रोजगार नाकारता येणार नाही. पुढे २०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. त्याच्या कलम ३ अन्वये उपचार नाकारणे, थांबविणे वा उपचारांत अन्याय्य वागणूक देणे हा भेदभाव ठरतो. कलम ५ अन्वये संमतीवाचून ना चाचणी, ना उपचार, ना संशोधन. मात्र कलम १४ मध्ये औषधे पुरविण्याच्या कर्तव्यास 'शक्य असेल तेथवर' अशी शेपटी जोडली आहे. कर्तव्य लिहावयाचे आणि त्याच वाक्यात पळवाट ठेवावयाची, ही कायद्याची कोणती रीत? ती शेपटी गेली पाहिजे, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

तोपर्यंत जे हाती आहे, ते तरी वापरा. तुमच्या घरी वा शेजारी कोणी बाधित असेल, त्यास कावीळ वा यकृताचा विकार झाला असेल, आणि कोणी उपचार नाकारला, तर निमूटपणे घरी परतू नका. नकाराचे कारण लेखी मागा. वैद्यकीय कारण असेल तर ते कागदावर येईल. भीती असेल तर ती कागदावर यावयास लाजेल. राज्य शासनाने नेमावयाच्या ओंबड्समनकडे तक्रार करा. त्याने ३० दिवसांत आदेश द्यावा, आणि तातडीच्या वैद्यकीय प्रसंगी शक्यतो २४ तासांत द्यावा, असे कायदाच सांगतो. तो नेमलेला नसेल, तर का नेमला नाही, हे शासनास विचारा. संशोधनासाठी बोलावणे आले, तर कागद वाचून, समजून, मगच सही करा. पण 'हे लोक नकोत' म्हणून कोणी वगळीत असेल, तर तेही मुकाट्याने सोसू नका. ज्यांच्यावर प्रयोग होत नाहीत, त्यांच्या वाट्याला पुरावा येत नाही. आणि पुरावा नाही म्हणून पुन्हा उपचार नाही. हे चक्र रोग्यानेच तोडले पाहिजे.

यकृताचा थोडा भाग शिल्लक राहिला, तरी ते पुन्हा भरून येते. हक्काचे तसे नाही. तो जेवढा सोडाल तेवढा कमी होतो, आणि आपोआप कधीही वाढत नाही.