लाकडी पेन, खरादी आणि पहिली मशीन

जालना आणि अंबडकडच्या तरुणांकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार येतो. लाकडी पेन कातून विकायचे आहेत, सुरुवातीला काय काय घ्यावं? विचारणारे बहुतेक पंचविशीच्या आतले, मोबाइलवर परदेशी कारागिरांचे व्हिडिओ पाहिलेले. सोबत यादीही असते: छोटी लेथ, चक, मँड्रेल, कार्बाइडची हत्यारं, पेनचे पन्नास किट. त्या यादीची बेरीज केली की माझ्या पोटात गोळा येतो. तेवढ्या पैशांत या मुलांच्या घराचं दोन-तीन महिने भागतं. मशीन कोपऱ्यात धूळ खात पडली, तर पुढच्या वेळी घरात काही मागायची सोय राहत नाही.

माझं मत असं की लेथ सगळ्यात शेवटी घ्यावी.

पेनाला मुळात लागतं काय? साधारण 20 मिमी जाडीचे चौकोनी तुकडे, त्यांना मधोमध 7 मिमीचं आरपार भोक, त्यात चिकटवलेली पितळी नळी. मग ते तुकडे सळईवर बुशांमध्ये बसवायचे आणि बुशाच्या जाडीपर्यंत कातत आणायचे. घासायचं, चकाकी द्यायची, दाबून जोडायचं. भोक जरा तिरकं गेलं की एका बाजूला लाकूड कागदासारखं पातळ होतं आणि फुटतं. नवख्याचे बहुतेक पेन इथेच वाया जातात, लेथ कितीही महाग असली तरी. म्हणून पहिला खर्च चांगल्या ड्रिल बिटवर, दुसरा ग्राइंडरवर. धार नसलेलं हत्यार लाकूड कापत नाही, ओरबाडतं. हाय स्पीड स्टीलची तीन हत्यारं वर्षभर पुरतात: एक गोल पटाशी, एक तिरकी, एक तुकडा तोडायची. कार्बाइडची बदलत्या पात्यांची हत्यारं शिकायला सोपी, हे खरं. पण पातं बोथट झालं की कुरिअरची वाट पाहत बसा. आणि जुनी कानस घासून पटाशी बनवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. कानस ठिसूळ असते, फिरत्या लाकडात अडकली तर तिचा तुकडा डोळ्यात जाऊ शकतो.

चष्मा आणि मास्क यांना यादीत शेवटी जागा मिळते, कधी मिळतही नाही. लाकडाची बारीक धूळ कर्करोगाला कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं कधीच सांगितलं आहे. एका खोलीत सारं घर राहतं तिथे कातकाम करू नये, एवढं तरी पाळा.

मग लेथ? ज्या गावात खाटेचे पाय, पाळण्याचे खांब, लाटणी करणारा खरादी अजून आहे, तिथे त्याच्याकडे महिनाभर बसा. ‘जालना सोन्याचा पालना’ म्हणायचं, तर पालन्याचे खांब कुणीतरी कातलेच असतील ना! आपल्यात खरादी हे आडनाव आजही भेटतं, पण ते लावणाऱ्या किती घरांत खराद उरली आहे? बयानात पहिल्या वहीतल्या कलमाचा उल्लेख हमखास होतो. हातानं कलम घडवणाऱ्याला मात्र मुलगी द्यायची वेळ आली की घरात कुजबुज सुरू होते. शिवाय खरादी फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवून घर्षणाच्या उष्णतेनं रंग चढवतो. व्हिडिओतल्या सुपरग्लूच्या चकाकीपेक्षा मला ती जास्त आवडते.

दुसरी जागा एमआयडीसी. या शहरात लोखंडाचं काम रक्तात आहे. आयटीआयचा दोन वर्षांचा टर्नर कोर्स केलेला मुलगा पेनाचे बुश भंगारातल्या सळईपासून अचूक मापात काढून देतो. मशीन घ्यायचीच झाली तर जुनी बघा. दोन्ही बाजूंची टोकं समोरासमोर आणून पाहा, टोकाला टोक भिडलं पाहिजे. टेलस्टॉकमध्ये ड्रिल चक बसायला हवा. सिंगल फेज, अर्ध्या हॉर्सपॉवरची 1440 फेऱ्यांची मोटर चालते, पण पुली बदलून वेग अडीच हजारांपर्यंत नेता आला पाहिजे.

किटबद्दलही मनात शंका आहे. तयार किट घेतलं की निम्मं पेन दुसऱ्याचंच असतं, नफाही त्याचाच. राजमहेंद्रीच्या रत्नम पेनवाल्यांनी 1930 च्या दशकात एबोनाइटचे फाउंटन पेन हातानं कातले, त्यांचं स्वदेशी पेन गांधीजींपर्यंत पोहोचलं. निब सोडली तर बाकीचं पेन, अगदी आटेसुद्धा, घरच्या लेथवर होऊ शकतं. किटवर हात बसला की तिकडे वळावं.

पैशांसाठी अनेकांचं लक्ष पीएम विश्वकर्मा योजनेकडे आहे. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या या योजनेतल्या 18 व्यवसायांत सुतार आहे, खेळणी करणारा आहे, खरादी नाही. तो असायला हवा. कर्जावर 5 टक्के व्याज असल्यानं आपल्यातली बरीच घरं तिकडे जाणार नाहीत. पण हत्यारांसाठीचे 15 हजार हे कर्ज नाही, हे लोकांना नीट सांगितलं जात नाही. सुतारकाम खरोखर करत असाल तर त्याखाली नोंद करा, नसाल तर खोटं लिहू नका.

राहिलं लाकूड. ते विकत घेऊ नका. 2012-13 च्या दुष्काळात या जिल्ह्यात मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या, तोडल्या गेल्या आणि बहुतेक लाकूड चुलीत गेलं. आजही जुनी बाग मोडली की तेच होतं. मोसंबीचं लाकूड फिकट पिवळं, घट्ट आणि बारीक पोताचं, पेनाला अगदी जोगं. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, तिच्या खोडाचं पेन गिऱ्हाइकाला वेगळं काही सांगावं लागणार नाही. बाग मोडणारा शेतकरी गाठा, मनगटाएवढ्या फांद्या मागा, तुकडे करून टोकांना मेण लावा आणि सावलीत रचून ठेवा. वाळायला काही महिने जातील. तेवढ्या दिवसांत धार लावायला शिकून होईल.