आधी फ्लोराइडचा आकडा, मग आरओ

‘आमचे आजे विहिरीचं पाणी पिऊन काठीशिवाय हिंडले, त्यांना कुठं आरओ लागला?’ हा प्रश्न यवतमाळ जिल्ह्यात कुठल्याही पारावर टाळी घेतो. त्याचं उत्तर सोपं आहे. आज्यांनी प्यायलेली विहीर उथळ होती, नातू पितो ते पाणी बोअरचं आहे. 1972च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात गावोगाव बोअर पडले, हापशा बसल्या. तहान भागली, हे उपकारच. पण खोलवर खडकाला वर्षानुवर्षं खेटून राहिलेल्या पाण्यात खडकातलं फ्लोराइड उतरतं. पंढरकवडा, वणी, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या पट्ट्यात शाळेतल्या पोरांच्या दातांवरचे पिवळे-तपकिरी पट्टे पाहिले की आज्यांचा दाखला थांबतो. ते पट्टे घासून जात नाहीत, कारण ते हिरडीतून दात बाहेर येण्याआधीच पडलेले असतात. असं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की पुढं सांधे आखडतात, पाठ ताठते.

दुसरा आक्षेप म्हणजे ‘पाणी उकळा, गाळा, तेवढं पुरे.’ जंतूंसाठी उकळणं पुरे, फ्लोराइडसाठी नाही. उकळताना वाफ जाते आणि फ्लोराइड भांड्यातच राहतं, म्हणजे उरलेल्या पाण्यात ते थोडं वाढलेलंच असतं. कँडलचा फिल्टर आणि यूव्हीचा दिवाही त्याला हात लावत नाहीत. आरओचा पडदा मात्र साधारण नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त फ्लोराइड अडवतो. नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेने विकसित केलेली तुरटी-चुन्याची नलगोंडा पद्धतही फ्लोराइड काढते, पण रोज मोजून तुरटी-चुना घालायचा, ढवळायचं, गाळ बसेपर्यंत थांबायचं, हे कापूस वेचायला जाणाऱ्या बाईकडून वर्षभर व्हावं ही अपेक्षा मला तरी खरी वाटत नाही.

एवढं वाचून आरओ विकणाऱ्याने खूश होऊ नये.

त्याचा खेळ ठरलेला असतो. एका पेल्यात घरचं पाणी, दुसऱ्यात आरओचं. दोन्हींत विजेच्या कांड्या सोडायच्या. मिनिटभरात घरचं पाणी गढूळ तपकिरी होतं आणि घरातल्या बाईच्या काळजात धस्स होतं. तो रंग लोखंडी कांडी झिजल्याचा असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते म्हणून कांडी झिजते. आरओच्या पाण्यात क्षार फारच कमी असतात, म्हणून ते स्वच्छ दिसतं. त्या पेल्यात विष आहे की नाही, याबद्दल हा प्रयोग काहीच सांगत नाही.

टीडीएस मीटरचंही तसंच. तो पाण्यातल्या एकूण क्षारांचा अंदाज देतो, फ्लोराइड वेगळं काढून दाखवत नाही. टीडीएस 400 असलेल्या बोअरमध्ये फ्लोराइड 3 मिलिग्रॅम असू शकतं आणि 900 वाल्या विहिरीत अर्धाही नसू शकतो. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे 1 मिलिग्रॅम फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत. या जिल्ह्यात मशीन घ्यायचं की नाही, हे याच आकड्यावर ठरायला हवं.

म्हणून यवतमाळ शहरात निळोणा-चापडोहचं शुद्ध केलेलं नळाचं पाणी पिणाऱ्याने आरओ लावणं मला उधळपट्टी वाटते. साधं घरगुती मशीन एक लिटर देताना तीनेक लिटर नाल्यात सोडतं. 2018च्या उन्हाळ्यात याच शहराने टँकरमागे पळापळ केली, ते फार जुनं नाही. राष्ट्रीय हरित लवादाने 2019मध्ये 500च्या खाली टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओ नको म्हटलं, त्यामागे हीच नासाडी होती. पण तोच नियम फ्लोराइडच्या गावाला डोळे मिटून लावला, तर पोरांचे दात जातील.

‘आरओनं पाण्यातलं कॅल्शियम जातं’ ही तक्रार खरी आहे. त्यावर विक्रेत्याकडे तयार तोड असते, ती म्हणजे टीडीएस कंट्रोलर. हा छोटा स्क्रू पडद्याला वळसा घालून कच्चं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो. समजा बोअरमध्ये फ्लोराइड 4 आहे आणि पडद्याने ते 0.4 वर आणलं. चवीसाठी तिसरा हिस्सा कच्चं पाणी मिसळलं की आकडा पुन्हा 1.6 वर. हजारो रुपये मोजून पुन्हा बोअरच प्यायचा! बसवणाऱ्याला तो स्क्रू पूर्ण बंद करायला सांगा. कॅल्शियम दुधातून, तिळातून, पालेभाजीतून घ्या. फ्लोराइडशी झुंजणाऱ्या शरीराला ते तसंही लागतं.

आणखी एक चूक घरोघरी होते. प्यायला आरओ आणि वरण-भाताला हापशी. शिजताना पाणी आटतं, फ्लोराइड अन्नात उतरतं. म्हणून स्वयंपाकही त्याच पाण्यात हवा. मशीनच्या सांडव्यात फ्लोराइड मूळ पाण्याहून जास्त असतं. त्याने फरशी पुसा, संडासात ओता, पण गाई-म्हशींपुढे ठेवू नका. टीडीएस मीटर अगदीच निरुपयोगी नाही. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्याचा आकडा महिन्यातून एकदा लिहून ठेवा. दोन्हींतलं अंतर कमी होऊ लागलं की पडदा बदलायची वेळ आली.

तेव्हा बोअरचं पाणी पिणाऱ्यांनी मशीनवाल्याला फोन करण्याआधी प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत लिटरभर पाणी घेऊन पाणी तपासणीची सरकारी प्रयोगशाळा गाठावी आणि अहवालात फ्लोराइडचा आकडा लिहून मागावा. मशीन बसल्यावर त्याच्या नळाचंही पाणी तसंच तपासून घ्यावं. नुसता टीडीएस सांगून पावती फाडायला निघालेल्या माणसाला चहा पाजून परत पाठवावं.