गुळगुळीत अक्षर आणि वाचणारा डोळा

दासोपंतांनी (१५५१–१६१५) आपले 'पंचीकरण' सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर लिहिले. अंबाजोगाईची ही पासोडी प्रसिद्धच आहे. कापडावर अक्षर उमटवायचे म्हणजे ताण्याबाण्याच्या चौकडीशी तडजोड आलीच. संगणकाचा पडदाही ठिपक्यांची अशीच एक चौकडी आहे. वीण जाड असेल तर वेलांटी तुटते, मात्रा पायऱ्यांसारखी दिसते. कडेच्या ठिपक्यांना फिक्या छटा देऊन हा तुटकपणा झाकणे, यालाच अक्षर गुळगुळीत करणे म्हणतात.

हे काम संगणकतज्ज्ञांचे, साहित्याच्या अभ्यासकांना त्याचे काय, असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. ती मला मान्य नाही.

२००१ साली विंडोज एक्सपीबरोबर 'क्लिअरटाइप' ही सोय आली. ती कडा मऊ करी, पण केवळ आडव्या दिशेने. रोमन लिपीचा भर उभ्या दांड्यांवर असल्याने तिचे तेवढ्यात भागे. देवनागरीचे तसे नाही. तिच्या मात्रा आणि वेलांट्या शिरोरेषेवरून आडव्या झुकत जातात. त्यांना उभ्या दिशेचा मऊपणा हवा होता आणि तोच नव्हता. २००९ च्या विंडोज ७ मधील 'डायरेक्टराइट'ने ही उणीव भरून काढली. तंत्र तटस्थ नसते, ते कोणत्या लिपीच्या डोळ्याने पाहते हे विचारावे लागते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

तथापि गुळगुळीतपणा म्हणजे शुद्धता नव्हे. 'आचार्याला' आणि 'आचाऱ्याला' या शब्दांतील भेद रफार आणि अर्ध्या 'र'वर उभा आहे. संगणकाने तो चुकवला तर कितीही सुबक कडांनी गुरूचा स्वयंपाकी होईल. पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' ही मराठीची वळणे महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात प्रमाण मानली. पडद्यावर मात्र बहुधा हिंदी वळणच समोर येते. पाठचिकित्सेच्या तासाला आपण हस्तलिखितातील एकेका अक्षरासाठी वाद घालतो, मग पडद्यावरच्या पाठाला ही सूट का?

दाट ठिपक्यांचे नवे पडदे आले की प्रश्न आपोआप मिटेल, असे काहीजण म्हणतील. दुकानात तो मिटेलही. परंतु केज तालुक्यातील युसूफ वडगावसारख्या गावी एखादा विद्यार्थी जुन्या संगणकावर मराठी ग्रंथ वाचत असेल, तर त्याच्या वाट्याला जाड वीणच येणार. चांगल्या मांडणीची खरी गरज त्यालाच आहे. चार पानांत डोळे शिणले तर दोष ग्रंथाच्या माथी जातो.

उपाय अवघड नाहीत. कडा मऊ करण्याची सोय चालू करावी. लिनक्सवर 'हलके' हिंटिंग निवडावे. त्यात रेषा फक्त उभ्या दिशेने जुळवल्या जातात, म्हणून शिरोरेषा स्पष्ट राहते आणि अक्षराची रुंदी बिघडत नाही. मराठी वळणे असलेला युनिकोड फॉन्ट घ्यावा आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवावी, कारण काही फॉन्ट त्या नोंदीवरूनच 'ल' आणि 'श' बदलतात. मग 'आचाऱ्याला', 'दऱ्या', 'शाल' हे शब्द टंकून पाहावेत.

ही तपासणी मराठी विभागाने स्वतः करावी. मुद्रितशोधन आपण छापखान्यावर कधी सोडले नव्हते.