पुढाऱ्याचे घर कोणी पाहिले?

गेल्या प्रायश्चित्तकाळात आमच्या धर्मग्रामातील युवकांनी सभागृहात पडदा लावून एक पोलिश चित्रपट दाखविला. आंद्रेइ वायदा या थोर दिग्दर्शकाने आपल्या उतारवयात, २०१३ साली, कामगारनेते लेक वालेसा यांच्या जीवनावर तो केला. इंग्रजी उपशीर्षके वाचता वाचता निम्मे लोक पेंगले. उरलेल्यांनी मात्र मन लावून पाहिला. मग चहा झाला आणि चहाबरोबर चर्चा. एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "आठ मुलांचा बाप, आणि याला पडली आहे देशाची!" लोक हसले. तेवढ्यात महिला मंडळातल्या एक बाई म्हणाल्या, "बायको मात्र देवमाणूस हो. किती सोसलं बिचारीने!" यावर सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

हा लेख त्या डोलावलेल्या मानेविरुद्ध आहे.

पहिले वाक्य पुढाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते, दुसरे त्याच्या पत्नीला वेदीवर चढविते. दोन्ही वाक्ये वरवर परस्परविरोधी. आत मात्र एकच. कामगारपुढाऱ्याच्या घराची जी परवड होते तो त्या नवराबायकोमधला हिशेब आहे, त्यात आपला काही संबंध नाही, असे दोघेही सांगतात. ज्यांच्या पगारासाठी तो माणूस तुरुंगात गेला ते शेजारीपाजारी, सहकारी, धर्मग्राम असे आपण सगळे त्या हिशेबातून अलगद सुटतो आणि चहाचे कप विसळायला जातो.

सेमिनरीत असताना आमच्या एका प्राध्यापक फादरांनी आम्हांला व्हिडिओ कॅसेटवर याच वालेसांवरचे एक टेलिव्हिजन नाटक दाखविले होते. टॉम स्टॉपर्ड यांनी लिहिलेले आणि माईक हॉजेस यांनी दिग्दर्शित केलेले 'स्क्वेअरिंग द सर्कल'. ब्रिटनच्या चॅनेल फोर या वाहिनीने ते १९८४ साली प्रक्षेपित केले. बर्नार्ड हिल या नटाने वालेसांची भूमिका केली होती. वर्तुळाचा चौरस करणे ही भूमितीतली अशक्य गोष्ट. कम्युनिस्ट राजवटीच्या चौकटीत स्वतंत्र कामगार संघटना बसविणे हेही तितकेच अशक्य, असा नाटककाराचा सिद्धान्त. ४ नोव्हेंबर १९८१ रोजी वालेसा, जनरल यारुझेल्स्की आणि पोलंडचे प्रमुख महागुरू ग्लेम्प यांची बंद दाराआड भेट झाली. आत काय झाले हे बाहेरच्याला ठाऊक नाही, म्हणून स्टॉपर्ड ती भेट एकदा अशी, एकदा तशी रंगवून दाखवितात. निवेदक एक सांगतो आणि त्याला खोडून काढणारा साक्षीदारही नाटकातच हजर असतो. आम्ही विशीतले सेमिनारियन त्या बुद्धिचातुर्यावर फिदा झालो होतो. आजही ते नाटक मला हुशार वाटते.

परंतु त्या भूमितीत स्वयंपाकघराला जागा नाही. संघटना राज्यसत्तेच्या चौकटीत बसते की नाही एवढाच प्रश्न नाटककाराने विचारला. ती घराच्या चौकटीत बसते की नाही, हा प्रश्न त्यांच्या लेखी प्रश्नच नव्हता. ख्रिस्तसभाही तेथे येते ती सत्तेच्या डावातला तिसरा गडी म्हणून. माझ्या आठवणीत महागुरू राहिले आहेत, धर्मग्राम नाही. मराठी रंगभूमीने या बाबतीत अधिक समज दाखविली, हे अभिमानाने नमूद करतो. जयंत पवार यांच्या 'अधांतर' नाटकात संप बाहेर घडतो आणि प्रेक्षकांसमोर असते ते गिरणगावातले घर.

वायदांच्या चित्रपटात घर आहे. इटालियन पत्रकार ओरियाना फलाची मुलाखत घ्यायला ग्दान्स्कच्या त्या घरी येते आणि तिथून कथा उलगडत जाते. पोलीस न्यायला आले की वालेसा बोटातली अंगठी आणि मनगटावरचे घड्याळ काढून पत्नीसाठी ठेवतो. आपण परतलो नाही तर दानुताने ते विकावे. हे एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा घडते. प्रेक्षकांचे डोळे पाणावतात. माझेही पाणावले. नंतर मात्र मनात आले, एवढ्या मोठ्या गोदीत हजारो कामगार आहेत आणि त्यांच्या पुढाऱ्याच्या संसाराची तरतूद काय, तर एक अंगठी आणि एक घड्याळ! या दृश्याने आपल्याला गहिवर नव्हे, शरम वाटायला हवी होती.

त्या घराचा जमाखर्च थोडा तपशिलाने पाहू. वालेसा वीजतंत्री. १९६७ पासून ग्दान्स्कच्या लेनिन गोदीत कामाला, १९६९ मध्ये विवाह, १९७६ मध्ये नोकरीवरून बडतर्फ. १४ ऑगस्ट १९८० रोजी आन्ना वालेन्टिनोविच या क्रेनचालक बाईला निवृत्तिवेतन जवळ आलेले असताना कामावरून काढल्याच्या निषेधार्थ गोदीत संप सुरू झाला. वालेसा आत जाऊन त्याचे पुढारी झाले. त्या दिवशी त्यांचे सहावे अपत्य दोन आठवड्यांचेही नव्हते. १३ डिसेंबर १९८१ रोजी लष्करी कायदा पुकारला गेला आणि ते स्थानबद्ध झाले. सातवे अपत्य, एक मुलगी, १९८२ मध्ये बाप कैदेत असताना जन्मली. १९८३ चा नोबेल शांतता पुरस्कार घ्यायला ते ऑस्लोला गेले नाहीत, कारण एकदा देशाबाहेर पडल्यावर सरकार परत येऊ देणार नाही अशी भीती होती. दानुता थोरल्या मुलाला घेऊन गेली आणि जगासमोर उभी राहून पतीचे भाषण वाचून आली. परतताना तिची अंगझडती घेण्याचा जो प्रसंग वायदांनी चित्रित केला आहे तो पाहताना आमच्या सभागृहात कोणी खोकलेसुद्धा नाही.

याच दानुताने २०११ साली आपले आत्मकथन प्रसिद्ध केले. त्याच्या नावाचा अर्थ 'स्वप्ने आणि गुपिते'. पोलंडमध्ये त्याने खळबळ उडविली, कारण त्यात बाईने आपल्या एकटेपणाविषयी लिहिले होते. थोर नेत्याच्या पत्नीने थकल्याचे कबूल करावे, नवरा घरात असूनही घरात नव्हता असे म्हणावे, हे अनेकांना रुचले नाही. आपल्यालाही रुचले नसते. बाईला एकदा देवमाणूस म्हटले की तिला तक्रार करण्याचा हक्क उरत नाही. आपण संतपद किती सहज वाटतो! ख्रिस्तसभा त्यासाठी वर्षानुवर्षे चौकशी करते. आपल्याला चहाचा एक कप पुरतो.

आता मुख्याध्यापक महाशयांच्या वाक्याकडे वळतो. ते माझे स्नेही आहेत, रागावणार नाहीत. घर एकीकडे आणि संघटना दुसरीकडे, पुरुषाने कोणते ते निवडावे, असे त्यांचे गृहीतक. ग्दान्स्कच्या कामगारांचे तसे नव्हते. त्यांनी गोदीच्या फाटकावर एकवीस मागण्यांचा फलक लावला. पहिली स्वतंत्र संघटनेची, दुसरी संपाच्या हक्काची. परंतु पुढे वाचत जा. नोकरदार मातांच्या मुलांसाठी पाळणाघरे व बालवाड्या, तीन वर्षांची भरपगारी प्रसूतिरजा, घर मिळण्याची प्रतीक्षा कमी व्हावी, शनिवारची सुट्टी. हा संसाराचाच जाहीरनामा नव्हे काय? ज्या माणसाला तुम्ही घर सोडून गेलेला म्हणता, तो घरासाठीच फाटकावर उभा होता. १६ ऑगस्टला व्यवस्थापनाने गोदीपुरत्या मागण्या मान्य केल्या, वालेसांनी संप संपल्याचे जाहीर केले आणि माणसे घरी निघाली, तेव्हा फाटकाशी त्यांना अडविले ते बायकांनी. वालेन्टिनोविच, परिचारिका अलिना पिएन्कोव्स्का, ट्रामचालक हेन्रिका क्शिवोनोस. आपल्यासाठी संपावर उतरलेल्या लहान कारखान्यांना आणि ट्रामवाल्यांना वाऱ्यावर सोडून कसे जाता, असा त्यांचा सवाल होता. त्या दिवशी त्या बायका गप्प राहिल्या असत्या तर पुढे सुमारे एक कोटी सभासदांची 'सॉलिडॅरिटी' झालीच नसती.

वालेसांची आरती ओवाळण्याचा माझा हेतू नाही. १९७० च्या दशकात त्यांनी गुप्त पोलिसांच्या कागदांवर सह्या केल्या, हा आरोप जुना आहे. २०१६ मध्ये एका दिवंगत जनरलच्या घरातून कागद निघाले, २०१७ मध्ये तेथील राष्ट्रीय स्मृती संस्थेने हस्ताक्षर त्यांचेच असल्याचा निष्कर्ष काढला. वालेसा तो नाकारतात. वायदांनीही सही करण्याचे दृश्य लपविलेले नाही. पोलिसांच्या कोठडीत बसलेल्या आणि घरी लहान मूल असलेल्या एका तरुण बापाच्या हातातले पेन माझ्या डोळ्यांपुढे येते. मला त्याचा न्याय करता येत नाही.

आता थोडे घरचे. माझे वडील मुंबईच्या एका कारखान्यात होते आणि तेथील युनियनच्या कमिटीवर. मी दहा-अकरा वर्षांचा असताना त्यांच्या कारखान्यात संप झाला, पाच महिने चालला. पहाटेच्या लोकलने ते पूर्वीसारखेच निघायचे. काम नसले तरी फाटकावर बसायला जायचे. आई वाडीतली केळी आणि भाजी पाटीत घालून दादरला नेऊ लागली. तिच्या हातातली सोन्याची बांगडी एके दिवशी दिसेनाशी झाली. आम्ही विचारले नाही, तिने सांगितले नाही. एका रविवारी मिस्सानंतर त्या वेळचे आमचे फादर तिला म्हणाले, "नवऱ्याला जरा समजाव. घरादाराकडे बघ म्हणावं." ती "बरं फादर" म्हणाली. घरी आल्यावर मात्र वडिलांना तिने तो निरोप दिला नाही. पुष्कळ वर्षांनी, माझ्या दीक्षाविधीनंतर, मी तिला कारण विचारले. ती म्हणाली, "त्यांना सांगून काय उपयोग होता? संपाच्या घरात तांदूळ नव्हता. फादरांकडे तो होता."

मला वाटले होते की मी त्या फादरांपेक्षा वेगळा निघेन. नव्या उमेदीचा धर्मगुरू असताना एक तरुण पत्नी माझ्याकडे आली. नवरा युनियनचा सेक्रेटरी, कंपनीने निलंबित केलेला, घरात रोज भांडण. मी तिला धीर धरायला सांगितले, पवित्र कुटुंबाचे चित्र दिले, एकत्र जपमाळ म्हणा असा सल्ला दिला. मुलीच्या शाळेची फी भरली आहे का, हे विचारायचे मला सुचलेच नाही.

आणि हे सुचायला पाहिजे होते, कारण सेमिनरीत आम्हांला ते शिकविले होते. पोप तेरावे लिओ यांचे 'रेरूम नोव्हारूम' १८९१ चे. पोप दुसरे जॉन पॉल यांचे 'लाबोरेम एक्झेर्सेन्स' १४ सप्टेंबर १९८१ चे, म्हणजे पोलंडमध्ये लष्करी कायदा पुकारला जाण्याच्या तीन महिने आधीचे. कामगार संघटना ही आधुनिक समाजाला आवश्यक आहे, कुटुंबाचे पोट भरेल असे वेतन मिळणे हा न्याय आहे, आईच्या घरातल्या श्रमांना समाजाने मान दिला पाहिजे, हे सर्व त्या एकाच पत्रात आहे. काम आणि घर त्या पोलिश पोपने वेगळे ठेवलेच नाहीत. आजच्या पोपमहोदयांनी २०२५ मध्ये चौदावे लिओ हे नाव घेतले तेही तेराव्या लिओंची आठवण ठेवून, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. आपण मात्र या पत्रांचा उपयोग परीक्षेतल्या टिपांपुरता करतो.

पोलंडच्या ख्रिस्तसभेने केवळ पत्रे वाचली नाहीत. लष्करी कायदा आल्यावर महागुरूंची मदत समिती उभी राहिली, वॉर्सातील संत मार्टिनच्या मंदिरातून कैद्यांच्या कुटुंबांना अन्न, औषधे, कपडे पोहोचू लागले. स्टॉपर्डच्या डावात न दिसलेले धर्मग्राम ते हेच. त्या कार्यात उतरलेले फादर येर्झी पोपिएउश्को यांचा १९ ऑक्टोबर १९८४ रोजी गुप्त पोलिसांनी खून केला. २०१० मध्ये त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. तेथील सर्वच झगा घातलेले वंदनीय होते असे मात्र मी म्हणणार नाही. संपाच्या वेळी गोदीत मिस्सा अर्पण करणारे आणि संत ब्रिगिता मंदिराचे प्रमुख फादर यान्कोव्स्की यांच्यावर त्यांच्या मृत्यूनंतर, २०१८ मध्ये, बालकांच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाले आणि त्यांचा पुतळा २०१९ मध्ये हटविण्यात आला. हे लिहिताना हात जड होतो, परंतु पुढाऱ्यांच्या घरांची झडती घ्यायची आणि आपल्या घराला कुलूप लावायचे, हे बरे नव्हे.

पोलंडमधील त्या कायद्यानंतर अवघ्या पाच आठवड्यांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. तो कधी औपचारिकपणे मागे घेतला गेलाच नाही. त्या संपाच्या डावपेचांवर वाटेल तेवढी टीका करा, मीही करीन. पुढाऱ्याचा हट्ट कामगाराच्या पोटावर येतो हेही खरे. परंतु त्या काळात किती घरांत भांडी विकली गेली आणि किती कुटुंबे कोकणात परतली, याची मोजदाद ज्यांनी ठेवायला हवी होती त्यांत आपली मंदिरेही होती. अशा वस्तीत कामगार बायकांचा आधार झाले ते प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये खानावळवाल्या बायकांसाठी स्थापन केलेले अन्नपूर्णा महिला मंडळ. त्यांना कोणा फादरांनी सुचविले नव्हते.

आज आपल्या धर्मग्रामातली मुले मोटारसायकलवरून घरोघरी जेवणाचे डबे पोहोचवितात. त्यांना फाटक नाही, कमिटी नाही, संप करायचा तर कोणासमोर हेही कळत नाही. उद्या त्यांतला एखादा उभा राहिला तर मुख्याध्यापक म्हणतील, याला पडली आहे जगाची. आणि बाई त्याच्या बायकोला देवमाणूस म्हणतील.

धर्मग्रामाच्या मदतनिधीच्या नियमांत आजारपण, मृत्यू, आग आणि पूर ही चार कारणे आहेत. गेल्या सभेत मी पाचवे सुचविले: संप, टाळेबंदी किंवा संघटनेच्या कामापायी गेलेली नोकरी. खजिनदार म्हणाले, यातून राजकारण शिरेल. एक सभासद म्हणाले, आधी माणूस चांगला आहे का ते पाहावे लागेल. मी विचारले, पुराच्या वेळी पाहतो का? त्यावर उत्तर आले नाही आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. ती येत्या पहिल्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर आहे. महिला मंडळाच्या त्या बाईंनी मात्र मला वाटेत थांबवून सांगितले आहे की त्या येणार आहेत, आणि बोलणार आहेत.