घोट्याला विश्रांती नव्हे, काम हवे

पाय मुरगळला की आपल्याकडचा उपचार ठरलेला असतो. एक्स-रे काढायचा, हाड मोडलेले नाही हे कळले की आंबेहळदीचा लेप लावायचा, क्रेप बँडेज गुंडाळायचे आणि पाय उशीवर ठेवून पडायचे. वर्षभराने घोटा दुखतच असेल, तर ‘जुनी लचक आहे, अधूनमधून डोके वर काढणारच’ हे समाधान तयार. त्यामागे तीन गृहीतके आहेत: हाड शाबूत म्हणजे घोटा शाबूत, दुखणे उरले म्हणजे विश्रांती कमी पडली, आणि जुने दुखणे हटत नाही. तिन्ही टिकणारी नाहीत.

पहिले घ्या. घोट्याचा एक्स-रे कोणाचा काढावा, याचे नियम १९९२ मध्ये कॅनडातल्या ओटावा येथे मांडले गेले. घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर वा टोकावर दाबून दुखत असेल, किंवा चार पावलेही टाकता येत नसतील, तर काढावा. पण त्यातून शोधायचे असते ते फ्रॅक्चर. लिगामेंटला इजा झाली का, सांध्यातल्या कूर्चेला मार बसला का, हे साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाही. महिनोन्महिने दुखणाऱ्या घोट्यापुढे जुनी ‘नॉर्मल’ फिल्म धरण्यात म्हणूनच अर्थ नाही.

दुसरे गृहीतक अधिक लाडके आहे. विश्रांती, बर्फ, घट्ट पट्टी आणि पाय उंचावर, हे ‘राइस’ सूत्र १९७८ मध्ये रूढ करणाऱ्या डॉ. गेब मिर्किन यांनीच पुढे मत बदलले. बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांनी बरे होणे लांबू शकते, असे त्यांनी लिहिले. त्याआधीच, १९६५ मध्ये, ब्रिटिश शल्यविशारद फ्रीमन यांनी वेगळे कारण मांडले होते. लिगामेंटबरोबर पावलाची स्थिती कळवणारे मज्जातंतूही दुखावतात. मग स्नायू वेळेवर सावरत नाहीत आणि खडबडीत रस्त्यावर पाय पुन्हा दगा देतो. डगमगत्या फळीवर तोल सांभाळण्याचा सराव, हा त्यांचा उपाय. पडून राहिल्याने असा सराव होत नाही. उलट पोटरी मात्र बारीक होते.

‘दुखत असताना व्यायाम म्हणजे दुखणे वाढवणे नाही का?’ ताज्या दुखापतीत पहिले काही दिवस जपावेच. त्यानंतर भिंतीचा आधार घेऊन एका पायावर उभे राहणे, टाचा सावकाश उचलणे-टेकवणे, इलॅस्टिक पट्ट्याविरुद्ध पाऊल बाहेर वळवणे, हे हळूहळू वाढवत न्यावे. व्यायाम करताना थोडे दुखले तर चालते. दुसऱ्या दिवशी सूज वा वेदना वाढली, तर मात्रा कमी करावी. टाचेमागची शीर दुखत असेल, तर स्वीडनच्या आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये सुचवलेला कार्यक्रम प्रसिद्ध आहे: टाच सावकाश खाली नेण्याच्या पंधराच्या तीन फेऱ्या, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. बारा दिवस नव्हे.

याचा अर्थ प्रत्येक घोट्याला व्यायाम हेच औषध, असा नाही. आतल्या बाजूला दुखून तळपाय सपाट होऊ लागला, सांधा अचानक लाल होऊन ठणकला, किंवा सकाळी इतर सांधेही आखडले, तर आधी निदान हवे. युरिक ॲसिड आणि आमवात फळीवर उभे राहून जात नाहीत. मधुमेह्याचा पाय गरम होऊन सुजला, पण फारसा दुखत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तिथे पायावरचा भार काढणे हाच उपचार असतो. व्यायामानेही घोटा स्थिरावला नाही, तर लिगामेंट दुरुस्तीची शस्त्रक्रिया आहेच.

तिसऱ्या गृहीतकाला उत्तर यातच आले. जुन्या लचकेनंतरही स्नायूंना ताकद आणि तोल शिकवता येतो. न शिकवण्याची किंमत मात्र मोठी असते: गुडघ्याची झीज पुष्कळदा वयाबरोबर येते, घोट्याची झीज बहुतेक वेळा जुन्या दुखापतीतून. विश्रांतीच्या बाजूने आता एकच मुद्दा उरतो, ती सोपी आहे हा. तो आळसाचा युक्तिवाद आहे. त्याला उपचार म्हणू नये.